तळं वाचवायचं ते कुणापासून?

आपल्यातली बरीच पोरं पर्यावरण म्हटलं की तोंड वाकडं करतात. म्हणतात, बगळे-बदकं मोजायचा उद्योग पोट भरलेल्यांचा. आपल्याला रेशन, घर, नोकरी आणि रोजचे अत्याचार एवढं पुरून उरलंय. हे म्हणणं मी थट्टेवारी नेत नाही. ते अनुभवातून आलेलं आहे. ज्यांनी जन्मात कधी पाण्याचा हंडा डोक्यावर घेतला नाही अशी माणसं 'पाणी म्हणजे जीवन' म्हणून भाषणं ठोकतात, तेव्हा आपल्या डोक्यात तिडीक जाते. ती तिडीक खोटी नाही. पण तिडीक म्हणजे विचार नव्हे.

सरकार तळ्याची, खाडीची, समुद्रकाठाची योजना आखतं तेव्हा ते नुसतं बगळ्यांचं भवितव्य ठरवत नसतं. पाण्याच्या काठी कोण उभं राहणार, आत कोण उतरणार आणि काठी दाखवून हाकललं कुणाला जाणार, हेही त्याच कागदावर ठरत असतं. आणि दोस्तहो, हा प्रश्न तर आपल्या घरचा आहे. आपली चळवळ एका तळ्याच्या काठीच उभी राहिली. म्हणून मला इथं एकच गोष्ट धसास लावायची आहे. तळं वाचवायचं म्हणतात, ते कुणापासून? आणि वाचल्यावर ते कुणाचं?

१

आधी महाड. ते आपल्याला पाठ आहे असं आपण समजतो, पण त्यातल्या दोन गोष्टी आपण घाईत ओलांडून जातो.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनं त्याला धरून आपला ठराव केला. कागद पक्का झाला. पण त्या कागदानं एकाही अस्पृश्याची ओंजळ भरली नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन चालत गेले, पाणी प्याले, तेव्हा कुठं त्या ठरावात जीव आला. मग सनातन्यांनी काय केलं? शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं. पाण्यात शेण कालवायचं आणि पाणी शुद्ध झालं म्हणायचं! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. पाण्याची शुद्धी हा शब्द कानावर आला की आपण आधी विचारावं, घाण कशाला म्हणताय? मैल्याला, की माणसाला?

दुसरी गोष्ट खटल्याची. तळं आमच्या वहिवाटीचं आहे, अनादी काळापासून अस्पृश्य तिथं आलेले नाहीत, असा सवर्णांचा दावा होता. दहा वर्षं तो चालला. १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो फेटाळला. अशी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही, असं न्यायालय म्हणालं. हा 'वहिवाट' शब्द ध्यानात ठेवा. पुढं तो आपल्याच अंगावर येणार आहे.

माझ्या आजीच्या गावात तळ्याचे घाट वाटलेले होते. वरच्या अंगाला देवळाचा, मग गावाचा, मग ढोरांचा. ढोरांच्याही खालच्या अंगाला आमच्या बाया. आजी गेली. पुढं त्या तळ्याचं सरकारी पैशातून 'सुशोभीकरण' झालं. दगडी कठडा बांधला, दिवे आले, बाकडी आली, आणि एक फलक लागला : कपडे धुण्यास सक्त मनाई. फलकात जातीचं नावसुद्धा नाही. पण त्या गावात नळ कुणाच्या घरात नव्हता आणि तळ्यावर धुणं कोण नेत होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सांडपाण्याचं गटार मात्र वरच्या आळीतून तळ्यात येतच राहिलं. त्याला फलक नव्हता.

२

एका गावाच्या तळ्यावरून सिद्धांत मांडू नये, हे मला मान्य आहे. म्हणून एक मोठं सरोवर घेऊ, जिथं सरकारी योजना यशस्वी झाली असं जगानं सांगितलं. ते महाराष्ट्रात नाही. ते ओडिशात आहे : चिलिका.

चिलिका म्हणजे तळंही आणि समुद्रकाठही. पुरी, खुर्दा, गंजाम या तीन जिल्ह्यांत पसरलेलं खाऱ्या-गोड्या पाण्याचं सरोवर. उन्हाळ्यात नऊशे चौरस किलोमीटरच्या आसपास, पावसाळ्यात अकराशेच्या वर. एका बाजूनं महानदीच्या फाट्यांचं गोडं पाणी येतं, दुसऱ्या बाजूनं समुद्राची भरती. या दोन पाण्यांच्या भांडणावर आणि समेटावर तिथली मासळी, कोळंबी, पाखरं सगळी जगतात. पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत भारताची पहिली दोन नावं १९८१ साली गेली, त्यातलं एक चिलिका.

मग सरोवर आजारी पडलं. नद्यांनी आणलेला गाळ साठत गेला. समुद्राकडचं तोंड सरकत सरकत लांब गेलं, वाट चिंचोळी झाली. भरतीचं पाणी आत येईना. खारेपणा उतरला, गोड्या पाण्यातलं गवत माजलं, मासळी घटली. १९९३ साली चिलिकाचं नाव धोक्यातल्या पाणथळांच्या यादीत गेलं. सरकारनं १९९१ सालीच चिलिका विकास प्राधिकरण काढलं होतं. अभ्यास झाले. आपल्या खडकवासल्याच्या जल आणि विद्युत संशोधन केंद्रातल्या माणसांनीही भरती-ओहोटीचा, प्रवाहाचा हिशेब मांडला. सप्टेंबर २००० मध्ये वाळूचा पट्टा कापून समुद्राला नवं तोंड दिलं. भरती सरळ आत आली. वर्षाची मासळी पावणेदोन हजार टनांच्या घरात होती, ती दोनेक वर्षांत बारा हजार टनांच्या आसपास गेली. २००२ साली नाव धोक्याच्या यादीतून निघालं, प्राधिकरणाला रामसरचा पुरस्कार मिळाला.

हे काम चांगलं झालं. सरकारचं म्हणून त्याला नावं ठेवण्याइतके आपण कोते नाही. समुद्राचं तोंड बुजलं की आधी उपाशी कोण राहतं? ज्याची होडी लहान तो. म्हणून सांगतो, मेलेलं सरोवर ही काही पोट भरलेल्यांची अडचण नाही. त्यांना मासे दुसरीकडून येतात.

पण ही गोष्ट अर्धीच झाली.

३

चिलिकावर दोन लाखांच्या आसपास माणसं मासेमारीच्या आधारानं जगतात. केउट, कंडरा, तिअर, नोलिया अशा त्यांच्या जाती. कंडरा आणि तिअर अनुसूचित जातींच्या यादीत आहेत. जमीनदारांच्या अमलात मासेमारीच्या जागा ठेक्यानं मिळत. जमीनदारी गेल्यावर, १९५९ पासून, मच्छीमारांच्या सहकारी संस्थांमार्फत त्या मिळू लागल्या.

मग कोळंबीला परदेशात भाव आला. भाव आला आणि ज्यांनी जन्मात जाळ्याला हात लावला नव्हता त्यांना सरोवर दिसू लागलं. काठच्या मच्छीमार नसलेल्या, वरच्या जातींच्या गावांतून पैसा उतरला. उथळ पाण्यात बांबू रोवून, बारीक जाळी लावून, कुठं मातीचे बांध घालून पाणीच अडवलं. त्याला तिथं 'घेरी' म्हणतात. नाव किती खरं आहे बघा. घेरीत कोळंबी वाढते, पण माशांच्या पिल्लांची वाट अडते, पाणी साचतं, गाळ बसतो. म्हणजे सरोवर मारण्याचं कामही घेरी करते आणि मच्छीमाराला हाकलण्याचंही. १९९१ साली सरकारनंच मासे धरण्याची जागा वेगळी आणि मासे वाढवण्याची जागा वेगळी असं धोरण काढलं आणि दुसऱ्या वाटेनं बिगर-मच्छीमारांना दार उघडलं. प्राधिकरणही त्याच वर्षीचं. एकाच वर्षात एका हातानं सरोवर वाचवायचं मंडळ काढलं, दुसऱ्या हातानं सरोवर वाटून दिलं.

लोक गप्प बसले नाहीत. एका बड्या उद्योगसमूहाचा कोळंबी-प्रकल्प सरकारच्या भागीदारीत येत होता, तो चिलिका बचाओ आंदोलनानं अडवला. १९९२ साली तो गुंडाळावा लागला. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चिलिका आणि पुलिकत सरोवरांपासून १००० मीटरच्या आत कोळंबीची तळी उभारू नयेत, असलेली बंद करावीत, असा निकाल दिला. निकाल लागला, घेऱ्या तिथंच. अगदी महाडचा ठराव! शेवटी मे १९९९ मध्ये मच्छीमार स्वतः पाण्यात उतरले आणि घेऱ्या उखडल्या. त्या रात्री सोरण गावात पोलिसांनी गोळीबार केला. चार माणसं मेली. कायद्याची अंमलबजावणी करायला गेलेली माणसं कायद्याच्या गोळीनं मेली.

सोळा महिन्यांनी समुद्राला नवं तोंड दिलं. तीन वर्षांनी पुरस्कार आला.

वाढलेल्या मासळीचा आकडा सगळ्या अहवालांत आहे. पण मासळी वाढल्यावर घेरीचा लोभही वाढतो, आणि पुढंही सरकारला घेऱ्या काढायच्या मोहिमा पुन्हापुन्हा घ्याव्या लागल्या. सरोवर बरं झालं हे खरं. पण कुणाच्या हातात बरं झालं?

४

आता खरा अवघड भाग. इथं मला तुमच्याशी जरा भांडायचं आहे.

सरोवर कुणाचं, याची तीन उत्तरं आज ऐकू येतात. पहिलं उत्तर फायलीतल्या तज्ज्ञाचं : सरोवर निसर्गाचं, राष्ट्राचं; माणसं म्हणजे त्याच्यावरचा ताण. या उत्तरात घेरीवाला आणि होडीवाला दोघेही 'ताण' होतात. कंडऱ्याचा बांबूचा सापळा आणि पैसेवाल्याचा शेकडो एकरांचा वेढा एका ओळीत बसतात. हे विज्ञान नाही. मोजमाप करताना माणसातला फरक पुसून टाकणं, ही जुनीच हुशारी आहे.

दुसरं उत्तर बाजाराचं : पाण्याला जात नसते, सरोवर सगळ्यांचं, मग मासे धरायचा हक्क ठराविक जातींनाच का? ऐकायला कसं आपलंच वाटतं! समतेची भाषा, जातिअंताची भाषा. २००२ साली ओडिशात एक विधेयक आलं होतं : सत्तर टक्के मच्छीमारांना, तीस टक्के इतरांना. मच्छीमारांनी विरोध केला आणि त्याचा कायदा झाला नाही. पण तो युक्तिवाद मेलेला नाही. तो पुन्हा येईल, आणि येताना आपल्याच घोषणा अंगावर घालून येईल.

तिसरं उत्तर चळवळीतल्या सज्जनांचं : सरोवर परंपरेनं मच्छीमार जातींचं; त्यांचा पारंपरिक हक्क राखा. यात माया आहे, लढ्याची ताकदही आहे. पण दोस्तहो, ही परंपरा म्हणजे काय होती? केउटानं जाळं टाकायचं, कंडऱ्यानं आणि तिअरानं बांबूचे सापळे लावायचे. ज्याची जी जात त्याचं ते हत्यार. जात म्हणजे श्रमाची विभागणी नव्हे, श्रमिकांची विभागणी, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवलंय. हे सरोवर त्याचा पाण्यावर काढलेला नकाशा होतं. आणि 'परंपरेनं आमचं' हाच तर महाडच्या सनातन्यांचा दावा होता! वहिवाट त्यांच्या तोंडी असली की अन्याय, आणि आपल्या तोंडी असली की न्याय, असं चालणार नाही. उद्या कुणी म्हणेल, गटार साफ करणं ही अमक्यांची परंपरा. तीही राखायची का?

म्हणजे पेच असा. परंपरा मानली तर जात मानावी लागते. परंपरा नाकारली तर घेरीवाला दारात उभाच आहे. यातून वाट काढता आली नाही तर आपण नुसते मोर्चात चालणारे. विचार करणारे नव्हे.

५

माझ्या मते वाट आहे. मच्छीमाराचा हक्क जन्मावर उभा करू नका, कष्टावर उभा करा. तो तिअराच्या पोटी आला म्हणून पाणी त्याचं नाही. तो स्वतःच्या हातानं या पाण्यात राबतो, त्याच्याकडं दुसरी जमीन नाही, दुसरं भांडवल नाही, आणि हे पाणी मेलं तर तो मरतो, म्हणून त्याचा हक्क पहिला. घेरीवाला वरच्या जातीचा आहे म्हणून त्याला नकार नाही. तो पाणी अडवतो, दुसऱ्याला मजुरीनं राबवतो आणि सरोवर बुजलं तर पैसा काढून दुसरीकडं लावू शकतो, म्हणून नकार. उद्या मच्छीमार जातीतलाच कुणी घेरी घालील तर त्यालाही तोच नकार. हा निकष जातीला चुकवत नाही. जातीनं ज्यांना भूमिहीन ठेवलं तेच या निकषावर आधी उभे राहतात. पण तो जातीला कायमचा शिक्का देत नाही.

या निकषानं आणखी काही दारं उघडतात. शेजारच्या गावातला भूमिहीन दलित, जो जातीनं मच्छीमार नाही, त्यानं होडी धरली तर? परंपरा त्याला हाकलते. कष्टाचा निकष त्याला संस्थेत जागा देतो. मासळी निवडणारी, वाळवणारी, टोपलीत घालून बाजाराला नेणारी बाई संस्थेच्या यादीत असते का? परंपरा तिला विचारत नाही. हा निकष विचारतो. आणि मच्छीमाराच्या पोरीला डॉक्टर व्हायचं असेल तर? 'पारंपरिक उपजीविका' राखण्याच्या नावाखाली तिला टोपलीशी बांधून ठेवणारी योजना, मग ती कितीही हिरवी असो, आपली नाही.

कुणी म्हणेल, राबणाऱ्या सगळ्यांना आत घेतलं तर सरोवर पुरेल कसं? बरोबर आहे. समता म्हणजे हवी तितकी जाळी नव्हेत. पाण्याला मर्यादा आहे. अंडी घालायच्या दिवसांत थांबावं लागेल, बारीक जाळी सोडावी लागेल, होड्या मोजाव्या लागतील. मर्यादा आपण मान्य करू. फक्त ती आखताना राबणारा माणूस टेबलाशी बसलेला पाहिजे आणि ती आधी मोठ्याला लागली पाहिजे. आजीच्या तळ्यासारखी नव्हे. धुणाऱ्या बाईला फलक आणि गटाराला मोकळी वाट!

आणि पाखरं? नलबनचं बेट, तिथं हिवाळ्यात दूरदेशाहून उतरणारी लाखो पाखरं, समुद्राच्या तोंडाशी फिरणारे डॉल्फिन, यांचं काय? ते आपले कोण? बाबासाहेबांनी दिलेल्या धम्मात करुणेच्याही पुढची मैत्री आहे, आणि ती माणसापाशी थांबत नाही. सगळ्या जीवांपर्यंत जाते. म्हणून पाखरू वाचवायला आपल्याला कुणा निसर्गप्रेमीची शिकवणी नको. पण मैत्री पायरी गाळून जात नाही. शेजारच्या माणसाला ओलांडून पाखराला कवटाळणं ही मैत्री नव्हे. ते शेजाऱ्याचं तोंड चुकवणं झालं.

६

शेवटी नियोजनाविषयी. सरकारी योजना म्हटली की फाडून टाका, असा एक सोपा विद्रोह आपल्यात आहे. तो बाबासाहेबांचा नाही. ८ नोव्हेंबर १९४५ ला, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, बाबासाहेब कटकला ओडिशाच्या नद्यांच्या परिषदेचे अध्यक्ष होते. पुराचं पाणी समुद्रात लोटून मोकळं होऊ नका, ते साठवा, वीज, शेती, वाहतूक सगळ्यांसाठी वापरा, असं त्यांनी मांडलं. त्या विचारातून महानदीवर हिराकूड उभं राहिलं. म्हणजे चिलिकाला गोडं पाणी देणाऱ्या नदीच्या नियोजनात बाबासाहेबांचा हात आहे. हिराकूडनं पुढं हजारो कुटुंबं उठवली हेही खरं, आणि नदी वर अडली की खालच्या सरोवराला मिळणारं पाणी आणि गाळ बदलतो हेही खरं. यातून नियोजन सोडून देण्याचा धडा मी घेत नाही. नियोजनाच्या खोलीत आपण नसलो तर बाबासाहेबांनी काढलेली वाटही आपल्या घरावरून जाऊ शकते, हा धडा मी घेतो.

तेव्हा कागद वाचायला शिका. समुद्रकाठाचा नियम १९९१ साली आला, २०११ साली बदलला, २०१९ साली पुन्हा बदलला. दर खेपेला भरतीच्या रेषेपासून किती मीटर आत कुणी काय बांधायचं ते बदललं. १९९६ च्या निकालानंतर २००५ साली संसदेनं कोळंबी-शेतीसाठी वेगळा कायदा केला आणि तिला समुद्रकाठाच्या बंदीतून सूट दिली. पाणथळांचे नियम २०१७ साली नव्यानं आले. त्यांतून पिण्यासाठी आणि शेतीसाठी माणसानं केलेली तळी वगळली. म्हणजे आपल्या गावातलं तळं बहुधा त्या नियमांत नाहीच. आपल्याकडं लोणार २०२० साली आणि ठाण्याची खाडी २०२२ साली रामसर यादीत गेली. तिथंही आराखडे होतील, नकाशे निघतील, सुनावण्या लागतील.

त्या सुनावणीला जा. पाखरांना विरोध करायला नको, आणि टाळ्या वाजवायलाही नको. नकाशा पसरा आणि विचारा : यात आमची वस्ती दाखवली आहे का? बंदी कुणाला, परवाना कुणाला? घाण करणाऱ्या मोठ्यावर काय कारवाई, आणि होडीवाल्यावर काय? ज्याचं काम जाणार त्याला दुसरं काम कोण देणार, कोणत्या तारखेपासून? आणि हा कागद मराठीत का नाही?

उत्तर मिळालं नाही तर ते तसंच लिहून घ्या, खाली तारीख टाका आणि पुढच्या खेपेला दुप्पट माणसं घेऊन जा. महाडलाही ठराव आधी होता. पाणी चालत गेल्यावर मिळालं.

जयभीम.